ब्रिटिश विनोदी मालिकांची भारतीय रूपांतरे

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचे कथाबीज, पात्ररचना आणि प्रसंग घेऊन भारतीय प्रेक्षकांसाठी नव्याने रचलेल्या मालिकांना 'भारतीय रूपांतरे' म्हटले जाते. 'जबान संभालके' (१९९३) आणि 'जी मंत्रीजी' (२००१) या हिंदी मालिका ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. 'जबान संभालके'मध्ये मराठी कलावंतांचा मोठा वाटा होता. तिच्या मूळ ब्रिटिश मालिकेचे अमेरिकेतही रूपांतर झालेले असल्याने एकच कल्पना तीन देशांत कशी बदलत गेली, हे तिच्या आधारे तपासता येते.

पूर्वपरंपरा

परक्या भाषेतील विनोद आपल्या मातीत रुजवण्याचे काम मराठी रंगभूमीने दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी केले. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संशयकल्लोळ' हे त्याचे उत्तम उदाहरण. फ्रेंच नाटककार मोलिएर याच्या एका प्रहसनावरून आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' हे इंग्रजी नाटक लिहिले व त्यावरून देवलांनी आधी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक रचले. पुढे १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणले.

देवलांपुढील खरी अडचण भाषेची नव्हती. मर्फीच्या नाटकातील नायिका कुलीन घरातील अविवाहित मुलगी असून ती आपल्या प्रियकराला मोकळेपणाने भेटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी पांढरपेशा घरातील मुलीबाबत हे कल्पनेतही शक्य नव्हते. देवलांनी रेवतीला मघा नायकिणीची मुलगी केले. त्यामुळे आश्विनशेठशी तिची भेट पटण्यासारखी झाली, त्याचा संशयही स्वाभाविक ठरला आणि लग्न करून संसार थाटण्याच्या तिच्या इच्छेला मूळ नाटकात नसलेले गांभीर्य आले. पुरुषांना महिन्यांची व स्त्रियांना नक्षत्रांची नावे देण्याची गंमत तर सर्वस्वी देवलांचीच. फाल्गुनराव, भादव्या, कृत्तिका आणि रोहिणी यांचे मूळ लंडनमध्ये शोधावे, असे आज कोणाच्या मनातही येत नाही. प्रसंग तोच ठेवून त्यातील माणसाचे सामाजिक स्थान बदलण्याची ही युक्ती पुढे दूरचित्रवाणीच्या रूपांतरकारांनाही वापरावी लागली.

मूळ मालिका : 'माइंड युवर लँग्वेज'

व्हिन्स पॉवेल यांनी लिहिलेली ही मालिका लंडन वीकएंड टेलिव्हिजनने तयार केली आणि आयटीव्ही वाहिनीवर ती डिसेंबर १९७७ पासून दाखवली गेली. लंडनमधील प्रौढांच्या रात्रवर्गात इंग्रजी शिकवणारे जेरेमी ब्राउन (बॅरी एव्हान्स) हे तिचे केंद्र होय. वर्गात पाकिस्तानी अली, शीख रणजीत, भारतीय जमिला, तसेच इटालियन, ग्रीक, जपानी, चिनी, फ्रेंच आणि जर्मन विद्यार्थी आहेत. शब्दांचा भलता अर्थ लावणे, उच्चारांचा घोळ, वाक्प्रचार अक्षरशः घेणे आणि या साऱ्यावर कडक मुख्याध्यापिका मिस कोर्टनी यांची अवेळी होणारी एन्ट्री, एवढ्यावर बहुतेक भाग उभे आहेत. १९७९ मध्ये तीन पर्वांनंतर मालिका थांबली. १९८६ मध्ये तिचे आणखी एक पर्व निघाले.

अमेरिकेतील रूपांतर

अमेरिकी निर्मात्यांना ब्रिटिश विनोद आयात करण्याचा अनुभव होता. 'टिल डेथ अस डू पार्ट'वरून 'ऑल इन द फॅमिली' (१९७१) निघाली. लंडनच्या भंगारवाल्या बापलेकांची 'स्टेप्टो अँड सन' लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीय कुटुंबात नेऊन 'सॅनफर्ड अँड सन' (१९७२) केली गेली. दोन्ही मालिका गाजल्या. उलट 'फॉल्टी टॉवर्स'वरून काढलेल्या 'अमँडाज' (१९८३) मध्ये तिरसट हॉटेलमालक बेसिल यालाच वगळून त्याच्या जागी मालकीण आणली गेली आणि मालिका काही महिन्यांतच बंद पडली. ज्या पात्रावर सारा डोलारा उभा असतो, तेच काढले तर दुसरे काय होणार?

'माइंड युवर लँग्वेज'चे अमेरिकी रूप 'व्हॉट अ कंट्री' (१९८६-८७) या नावाने आले. येथील वर्ग भाषेचा नसून अमेरिकेच्या नागरिकत्वाची परीक्षा देऊ इच्छिणाऱ्यांचा आहे. सोव्हिएत संघातून अमेरिकेत स्थलांतरित झालेले विनोदकार याकोव स्मिर्नॉफ यांना निकोलाय या रशियन विद्यार्थ्याची भूमिका देण्यात आली आणि शिक्षकावरचे लक्ष विद्यार्थ्याकडे वळले. स्थलांतरितांनीच घडलेल्या देशात परदेशी माणसाच्या भाषेला हसण्यापेक्षा त्याच्या डोळ्यांनी अमेरिकेला हसणे अधिक सोयीचे होते. तरीही ही मालिका एका पर्वापुरतीच चालली.

'जबान संभालके'

राजीव मेहरा यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर आली. यात इंग्रजीची जागा हिंदीने घेतली. मोहन भारती (पंकज कपूर) हा शिकलेला अभियंता; मनाजोगती नोकरी न मिळाल्याने तो एका भाषासंस्थेत हिंदी शिकवू लागतो. मूळ मालिकेतील शिक्षकाचा पेशा त्याच्या आवडीचा आहे, येथे तो नाइलाजाचा आहे. सुशिक्षित बेकारीचा काळ पाहिलेल्या प्रेक्षकाला हा एक बदल पुष्कळ काही सांगून जातो.

मिस कोर्टनीच्या जागी शुभा खोटे यांच्या लता दीक्षित आल्या. शुभा खोटे यांचे बंधू विजू खोटे यांनी विठ्ठल बापूराव पोटे हा मराठी विद्यार्थी रंगवला, तर शुभाताईंच्या कन्या भावना बलसावर यांनी मिस विजयाची भूमिका केली. एका घरातील तिघे एकाच मालिकेत, हा योग विरळाच. टॉम ऑल्टर यांचा चार्ल्स स्पेन्सर हा हिंदी शिकू पाहणारा इंग्रज. शिकवणारा इंग्रज लंडनमधून निघून मुंबईत विद्यार्थ्यांच्या बाकावर येऊन बसला, ही उलटापालट या रूपांतरातील सर्वांत मार्मिक गोष्ट म्हणावी लागेल. मालिकेच्या लेखनात 'आई रिटायर होतेय'चे नाटककार अशोक पाटोळे यांचा सहभाग होता.

वर्गविनोद मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या मधुकर तोरडमल यांनी 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधील प्रा. बारटक्के आणि त्यांची 'ह'ची बाराखडी घरोघरी पोहोचवली होती.

मराठी माणसाची हिंदी

पोटेसारख्या पात्राला विनोदाचा साठा भाषेतूनच मिळतो. मराठीत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोन. आपले नपुंसकलिंगी 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी होते. पुल्लिंगी 'आत्मा'ही तेथे स्त्रीलिंगी. याहून फसवे शब्द म्हणजे दोन्ही भाषांत सारखे दिसणारे. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'संसार' तिकडे जग, इकडे घरप्रपंच. 'खाली' तिकडे रिकामे, इकडे तळाशी. लिपी एकच असल्याने मराठी विद्यार्थी अशा शब्दांपाशी थांबतच नाही आणि चूक आत्मविश्वासाने करतो. लंडनमधील जपानी विद्यार्थ्याची चूक अज्ञानातून येते, तर मराठी विद्यार्थ्याची चूक जवळिकीतून येते. त्यामुळे तिच्यावरचे हसू घरातल्यासारखे वाटते.

आक्षेप

मूळ मालिकेतील परदेशी पात्रे साचेबंद आणि अपमानकारक आहेत, अशी टीका ब्रिटनमध्ये झाली व १९७९ मध्ये ती बंद होण्याचे तेच प्रमुख कारण सांगितले जाते. यजमानाची भाषा न येणारा पाहुणा हा तेथे सततचा हास्यविषय होता. भारतीय रूपात प्रत्येक प्रांताची टोपी उडवली जाते हे खरे. पण हसणारा आणि ज्याला हसायचे तो, दोघेही एकाच देशाचे नागरिक. मात्र हिंदी येणे ही सामान्य स्थिती आणि न येणे ही गमतीची गोष्ट, हे गृहीतक या मालिकेतही आहेच. हिंदीबाबत संवेदनशील असलेल्या प्रांतांतील प्रेक्षकाला ते खटकले, तर त्यात नवल नाही.

प्रहसनमालिका

सुट्या प्रहसनांच्या कार्यक्रमांचा प्रवास वेगळा झाला. बीबीसीवरील 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' हा उपरोधिक कार्यक्रम १९६४ मध्ये अमेरिकेत नेताना निवेदक डेव्हिड फ्रॉस्टही तेथे गेले. 'लिटल ब्रिटन'चेही २००८ मध्ये अमेरिकी रूप निघाले. मराठीला अशा आयातीची गरज फारशी पडली नाही. मुंबई दूरदर्शनवरील 'गजरा'पासून 'चला हवा येऊ द्या' आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'पर्यंतच्या कार्यक्रमांमागे बतावणी, वग आणि एकांकिका स्पर्धा यांचे देशी बळ आहे.

'जी मंत्रीजी'

अँटनी जे आणि जोनाथन लिन यांच्या 'येस मिनिस्टर' (१९८०-८४) या बीबीसी मालिकेचे हे रूपांतर स्टार प्लसवर आले. फारुख शेख मंत्री, तर जयंत कृपलानी सचिव होते. येथे फार बदल करावे लागले नाहीत. मंत्री येतो-जातो, सचिव मात्र कायम असतो, ही व्यवस्था भारताने ब्रिटिश प्रशासनाकडूनच घेतलेली आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाबरोबर खात्यांचे वरिष्ठ अधिकारीही बदलतात, त्यामुळे तेथे या विनोदाचा पायाच नाहीसा होतो. मंत्रालयात एका सहीसाठी खेटे घातलेल्या प्रेक्षकाला मात्र तो समजावून सांगावा लागला नाही.