द्रोहोबिचचें मीठ

इतिहास म्हणजे स्वाऱ्या व तह, असें मानणारास पश्चिम युक्रेनांतील द्रोहोबिच नगरीं फारसें कांहीं गवसणार नाहीं. तेथील खरें राज्य मिठाचें. विहिरींतील खारें पाणी उपसावें व कढवावें, हा त्या नगराचा शतकानुशतकांचा नित्यक्रम. सेंट जॉर्जचें लांकडी ख्रिस्तमंदिरहि नगरवासीयांनीं सतराव्या शतकांत दुसऱ्या गांवाहून मीठ देऊन आणलें, अशी परंपरा आहे. मिठाच्या मोबदल्यांत देवालय घेतल्याचें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं! याच गांवीं ब्रुनो शुल्झ हा यहुदी ग्रंथकार १८९२ त जन्मला व शाळेंत चित्रकला शिकवून राहिला. आम्हीहि शाळामास्तरच, त्याचा अंत लिहितांना लेखणी अडखळते. जर्मन अंमलांत, १९ नोव्हेंबर १९४२ रोजीं, गेस्टापोच्या एका माणसानें त्यास भर रस्त्यांत गोळी घातली. त्याचें थडगें कोठें, हें अद्यापि कोणास ठाऊक नाहीं.