करवतीचे दाते कोण साफ करतं?



गेल्या काही वर्षांपासून सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आमच्या मंडळाचा पाण्याचा आणि प्रथमोपचाराचा स्टॉल असतो. एका वर्षी दुपारी यवतमाळकडच्या एक मावशी आल्या. पांढरी साडी, पायात फोड. पट्टी बांधताना त्यांच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. दोन बोटं पेरापासून वाकडी होती. विचारलं तर म्हणाल्या, "जिनिंगात गेली, पोरी. मशीनात कापूस अडकला, काढाले गेली." ब्रश-बिश देत नाहीत का? "झाडनं असते. हात घालू नका म्हन्ते, पन मशीन बंद करू बी देत नाई."

समाजशास्त्रात एम.ए. करताना औद्योगिक क्रांतीवर पानंच्या पानं लिहिली. पण अडकलेला कापूस कोण काढतं, हा प्रश्न एकाही पेपरात आला नव्हता.

आता त्या मशीनचा इतिहास बघू. वेचलेल्या कापसातून सरकी वेगळी करण्याला जिनिंग म्हणतात. अमेरिकेत एली व्हिटनीला १४ मार्च १७९४ रोजी त्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. फिरत्या लाकडी रुळावर तारेचे दाते होते. ते अरुंद फटीतून रुई ओढून घेत, सरकी मोठी म्हणून अलीकडेच राहायची. दोन वर्षांनी हॉजेन होम्सने तारेऐवजी गोल करवतींचं पेटंट घेतलं. पण दात्यांनी ओढलेली रुई दात्यांतच अडकून बसते. चार फेऱ्यांत दाते भरतात आणि यंत्र तुंबतं. त्यावरचा उपाय म्हणजे मागे बसवलेला दुसरा रूळ, ब्रशचा. तो करवतीपेक्षा जास्त वेगाने फिरतो आणि दात्यांवरची रुई झाडून पुढे फेकतो. पुढे काही जिनांत ब्रशच्या जागी हवेचा झोत आला. काम तेच, दाते मोकळे ठेवण्याचं. हा ब्रश नसता तर सॉ-जिन चाललीच नसती.

हा ब्रश कोणाला सुचला? व्हिटनी ज्या मळ्यावर राहत होता तिथल्या मालकीण कॅथरिन ग्रीन यांनी तो सुचवला, असं सांगितलं जातं. १८८३ मध्ये मॅटिल्डा जोस्लिन गेज यांनी स्त्रियांच्या शोधांवरच्या लेखात जिनचं श्रेय ग्रीन यांना दिलं. दुसरी गोष्ट सॅम नावाच्या गुलामाची. त्याच्या बापाने कापूस विंचरायला केलेल्या फणीवरून व्हिटनीला कल्पना सुचली म्हणे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत ही दुसरी गोष्ट "ब्राह्मणवाद्यांनी लपवलेलं सत्य" या मथळ्याखाली फिरते. मला ती खरी असावीशी वाटते. पण तिला त्या काळातला कागद नाही. पुरावा मागणारी माणसं म्हणून आपण स्वतःला ओळखतो, तर इथेही तीच शिस्त पाळू.

शिवाय आपल्या मुद्द्याला त्या गोष्टीची गरजच नाही, कारण कागदावर असलेलं सत्य जास्त भयानक आहे. मिसिसिपीतल्या ऑस्कर स्टुअर्ट या मळेवाल्याकडे नेड नावाचा गुलाम लोहार होता. त्याने कापसाच्या शेतीत वापरायचं एक अवजार बनवलं. स्टुअर्टने त्याचं पेटंट स्वतःच्या नावावर मागितलं. गुलामाच्या हाताच्या कष्टावर मालकाचा हक्क, तसा त्याच्या डोक्यावरही, असा त्याचा दावा. १८५८ मध्ये अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक यांनी निकाल दिला की गुलामाच्या शोधाला पेटंट नाही. गुलाम नागरिक नाही, म्हणून त्याला मिळणार नाही. मालकाने शोध लावलेला नाही, म्हणून त्यालाही नाही. म्हणजे नेडचं डोकं कायद्याच्या हिशेबात अस्तित्वातच नव्हतं! पुढे १८६१ मध्ये बंडखोर दक्षिणी राज्यांनी कायदा करून मालकांना तो हक्क दिलाही.

आणि यंत्र आल्यावर गुलामांचे कष्ट कमी झाले का? १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते साडेएकोणचाळीस लाखांवर गेले. सरकी काढण्याचं काम झटपट झालं, म्हणून कापूस फायद्याचा झाला, म्हणून लावायला आणि वेचायला आणखी माणसं लागली. "तंत्रज्ञान आलं की जात आपोआप जाईल" असं सांगणाऱ्या आपल्या पुरोगामी मित्रांना हे आकडे दाखवावेत. जोतीराव फुल्यांना हा धागा तेव्हाच दिसला होता. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली ती उगाच नाही.

हे यंत्र आपल्याकडेही आलं. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून दहा कापूस-मळेवाले बोलावले, सोबत सॉ-जिन आल्या. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडमध्ये अमेरिकी बियाण्यासोबत त्या टिकल्या. इतरत्र आखूड धाग्याचा देशी कापूस करवतीत तुटायचा. आजही आपल्याकडचा बहुतेक कापूस रोलर जिनवरच निघतो. आणि रोलर ही काही साहेबाची देणगी नव्हे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रांत रुळाने सरकी काढण्याचं काम अभ्यासकांनी ओळखलं आहे. कापसाच्या यंत्राचा हा सर्वांत जुना पुरावा बौद्ध लेण्यात आहे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

वाफ आली तशा खानदेश-वऱ्हाडात जिनिंगच्या गिरण्या उभ्या राहिल्या. पण १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या आणि १०० हून कमी कामगार नसलेल्या कारखान्यांनाच लागू होता. हंगामी जिना बाहेर. १८८४-८५ च्या चौकशीत खानदेशातल्या जिनांतल्या बायांचे हाल नोंदले गेले. याच काळात फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बाजूने उभे होते. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे.

गाठी मुंबईला येत, आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत आपले लोक उभे असत. कुठे? सूतखात्यात. पगार जास्त असलेल्या विणखात्यात अस्पृश्यांना मज्जाव. कारण धोट्याच्या भोकातून धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकराला कसा चालेल! आता बघा, तोंड न लावता धागा ओवता येईल असा धोटा अमेरिकेत नॉर्थ्रप मागासोबत १८९० च्या दशकातच आला होता. मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये तोंडाने धागा ओढण्यावर बंदीही घातली, रोग पसरतात म्हणून. तिथे थुंकीतून रोग जातो म्हणून धोटा बदलला. इथे थुंकीतून बाटतं म्हणून माणूसच बाहेर ठेवला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी विणखात्यातल्या प्रवेशाची मागणी रेटली, तेव्हा कामगार पुढाऱ्यांनी ती नाखुशीने मान्य केली. लाल झेंडा हाती असूनही नाखुशीने, हे विसरू नये. आणि तरीही ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेब त्याच कम्युनिस्टांसोबत संपात उतरले, हेही विसरू नये. आपल्यातले काही जण पहिली गोष्ट सांगतात, काही दुसरी. दोन्ही सांगायला हव्यात.

शिवाजी पार्कपासून रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलं की राजगृह. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, माटुंग्याला अडेनवाला रोडवर कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. ती १९२४ मध्ये प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. म्हणजे बाबासाहेब पुस्तकांसाठी घर बांधत होते तेव्हा शेजारी धाग्याची लांबी मोजली जात होती. जिनिंगचं प्रशिक्षण देणारं तिचं केंद्र नागपूरला आहे. कायदाही होता. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम २२ चालू यंत्राची सफाई बायांकडून करून घेण्यावर २०२५ पर्यंत बंधनं घालत होतं. पण गटारात माणूस उतरवू नये म्हणून १९९३ आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करणाऱ्या देशात कलम २२ यवतमाळच्या शेडपर्यंत पोचलं असेल, ही अपेक्षा कोणी करावी?

मावशींना मी भरपाईचं विचारलं. त्या म्हणाल्या, हजेरी ठेकेदाराकडे, नाव कुठल्या वहीत नाही. मग मी त्यांना आमच्या तिकडच्या एका कार्यकर्त्याचा नंबर लिहून दिला. त्यांनी तो कागद नुकत्याच घेतलेल्या पुस्तकात ठेवला, वाकड्या बोटांनी पिशवीचा बंद आवळला आणि विचारलं, दादर स्टेशन कोणत्या बाजूला? रात्रीची स्पेशल गाडी धरायची होती, उद्याची हजेरी बुडाली तरी परवाची बुडायला नको होती.