स्किझोफ्रेनिया: मेंदूतील प्रथिने खराब होतात म्हणजे काय?

‘मेंदूत केमिकल बिघडले आहे’ असे ऐकल्यावर नातेवाईक विचारतात, नेमके काय बिघडले? याचे एकच उत्तर नाही. डोपामाइनचा असमतोल, आनुवंशिकता, गर्भात असताना झालेली मेंदूची वाढ अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. प्रथिनांची रासायनिक हानी हा त्यातला एक संभाव्य दुवा आहे.

पेशी साखरेपासून ऊर्जा तयार करतात तेव्हा मिथाइलग्लायॉक्झल नावाचा घातक पदार्थही थोडा तयार होतो. तो प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बिघडवतो. तव्यावरच्या पोळीला तपकिरी डाग पडतात, ती क्रिया याच जातीची. शरीरात ती फार सावकाश चालते. ग्लायॉक्झलेज-१ हे विकर या पदार्थाचा निचरा करते, ब६ जीवनसत्त्वही मदत करते. निचरा कमी पडला की त्याला ‘कार्बोनिल ताण’ म्हणतात. २०१० मध्ये टोकियोतील संशोधकांना स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांच्या रक्तात या हानीची खूण असलेले पेंटोसिडिन जास्त आणि ब६ कमी आढळले.

‘काही रुग्णांच्या’ हे शब्द नीट वाचा. सर्वांत हे दिसत नाही. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारातही पेंटोसिडिन वाढते. त्यामुळे त्याच्या तपासणीवरून स्किझोफ्रेनियाचे निदान होत नाही. गोड खाल्ल्याने हा आजार होतो, असाही याचा अर्थ नाही.

मग ब६च्या गोळ्या द्याव्यात का? क्षयरोगाच्या औषधांसोबत मिळत असल्याने त्या अनेक घरांत असतात. पण स्वतःहून देऊ नका. जपानमध्ये ब६चाच वेगळा प्रकार, पायरिडॉक्झामिन, मोजक्या रुग्णांवर तपासला गेला. त्यावरून उपचार ठरत नाही. ब६ जास्त प्रमाणात बरेच दिवस घेतल्यास हातपाय बधिर होतात. आणि ब६ सुरू केले म्हणून मानसोपचाराची गोळी बंद करणे सर्वांत धोक्याचे, कारण आजार उलटतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत गोळी बंद पडण्याचे कारण बहुधा अंतर असते. सिरोंचा किंवा भामरागडहून जिल्हा रुग्णालयात यायचे तर दिवस मोडतो, मजुरी बुडते, पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन रस्ता बंद होतो. म्हणून पावसाळ्यापूर्वीच जास्त दिवसांची औषधे मागा. महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन चालेल का, हेही विचारा. पुजाऱ्याकडे जायचे असेल तर जा, पण गोळ्या सुरू ठेवून. ही बाधा नाही आणि घरच्यांच्या वागण्याने आलेला दोषही नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. ताप येऊन माणूस अचानक बरळू लागला, तर आधी मेंदूच्या मलेरियाची शंका घ्या आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. एरवी सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीत बोलता येते. रुग्ण जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर त्याला एकटे न सोडता लगेच रुग्णालयात न्या.