गाळलेले पान

मुलांना ग्रंथ वाचून दाखविताना मातापित्यांनी काही भाग गाळावा, ही प्रथा नवी नव्हे. तिचा इतिहास पाहताना मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: वाचणाऱ्याने वाचता वाचता केलेली गाळणी आणि मुद्रित ग्रंथातच केलेली काटछाट. पहिलीतून दुसरी कशी निपजली, याचे ठळक उदाहरण इंग्लंडमधील बाउडलर कुटुंबात सापडते. टॉमस बाउडलरचे वडील घरच्यांना ‘लिअर’, ‘हॅम्लेट’, ‘ऑथेल्लो’ वाचून दाखवीत. अनुचित वाटणारे शब्द ते इतक्या सफाईने वगळीत, की श्रोत्यांना त्याचा पत्ताही लागत नसे. या आठवणीतूनच ‘कौटुंबिक शेक्सपिअर’ निघाला. १८०७ च्या पहिल्या आवृत्तीत वीस नाटके होती आणि ते काम मुख्यतः टॉमसची बहीण हेन्रिएटा हिचे होते. १८१८ मध्ये टॉमसच्या नावाने दहा खंड आले. पित्याचे प्रसंगावधान असे छापील नियमात गोठले.

आपल्याकडील परंपरा निराळी होती. विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन पुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचा विडा उचलला आणि ‘पंचतंत्र’ सांगितले; त्यात सिंह, कोल्हे, कावळे आहेत, तशाच विणकराच्या व सुताराच्या व्यभिचारी स्त्रियांच्या कथाही आहेत. मनुष्यस्वभावाची ओळख हाच तेथे शिक्षणाचा विषय होता. बहुतेक आधुनिक बालावृत्तींत प्राणी राहिले, माणसे मात्र वगळली गेली. श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ही घरोघर आबालवृद्ध एकत्र बसूनच ऐकत. बालक हा स्वतंत्र वाचक आहे, ही जाणीव मराठीत रुजविली ती मुद्रणाने. १८२८ मधील सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ हा तिचा एक आरंभबिंदू होय.

या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती अरबी कथांत. रिचर्ड बर्टनने १८८५ मध्ये दहा खंडांचे असंक्षिप्त भाषांतर केवळ वर्गणीदारांसाठी काढले. पुढच्याच वर्षापासून त्याच्या पत्नीच्या नावाने त्याची कुटुंबात वाचण्याजोगी आवृत्ती निघू लागली. एकाच घरातून एकाच ग्रंथाची दोन रूपे बाहेर पडली! मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकर, विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांनी या कथा आणल्या. पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनचे सोळाही खंड मराठीत उतरविले.

मुलांपुढे ही कथा वाचणाऱ्यास अडचण येते ती पहिल्याच पानावर. राणीचा व्यभिचार आणि राजाने मांडलेला स्त्रीवधाचा क्रम गाळावा, तर शहरजाद रात्रीमागून रात्र गोष्टी का सांगते, याचे कारणच नाहीसे होते. प्राण वाचविण्यासाठी सांगितलेली कथा निव्वळ करमणूक उरते. शिवाय ‘गोष्ट सांग’ असा हट्ट धरणारी मूळ श्रोती दुन्याजाद ही तिची धाकटी बहीणच आहे, हेही विसरता येत नाही.

म्हणून गाळण्याला सरसकट दोष देणे न्याय्य ठरणार नाही. समोरच्या मुलाचे वय आणि भय ओळखून आई एखादे पान उलटते, तेव्हा ते पान पुस्तकातच राहते. उद्या तेच मूल तेच पुस्तक उघडून ते वाचू शकते. संपादकाने कापलेल्या पानाचे तसे नसते. त्याला समोरचे मूल दिसत नाही आणि त्याचा निर्णय सर्व मुलांवर, सर्व काळासाठी लागू होतो. आईची गाळणी हे एका संध्याकाळपुरते मौन असते. संपादकाच्या काटछाटीत ग्रंथाचीच वाचा जाते.