दाताला धरून राहणारा सांधा

गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही; म्हणून गवंडी आधी भिंत टोचून खरबरीत करतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. दातात भरलेला मसाला टिकतो तो याच युक्तीने. पण ती दातावर चालते, हे उमगायला १९५५ साल उजाडले.

त्यापूर्वी मसाला दाताला भरवशाने चिकटत नसे. खड्डा तोंडाशी अरुंद नि आत रुंद कोरून त्यात धातूचे मिश्रण अडकवीत. त्यापायी चांगला दातही कोरला जाई. कारखान्यांत रंग देण्याआधी धातूला फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे अमेरिकेतील रॉचेस्टरच्या मायकेल ब्युनोकोर यांनी हेरले. ८५ टक्क्यांचे तेच आम्ल त्यांनी दाताच्या कठीण कवचावर ३० सेकंद ठेवले. कवचाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे पडली, अन् त्यांत ॲक्रिलिकची राळ शिरून घट्ट बसली.

कवचाखालचा भाग मात्र ओलसर. तिथे आम्लाने उघडे पडलेले तंतू राळेत भिजले तरच सांधा जुळतो, हे १९८२ साली जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखविले. पण ओलाव्याने राळ हळूहळू झिजते, आणि दातातलीच काही द्रव्ये ते तंतू तोडतात. म्हणून कवचावरचा सांधा टिकतो. आतला आधी सैल होतो.

यातून आपण काय घ्यायचे? कीड लहान आहे, खड्ड्याच्या काठांना कवच शाबूत आहे, तोवरच दात दाखवावा. सांधायला तेव्हाच पक्की भिंत मिळते. गुरुजी, एवढे मुलांना अवश्य सांगा.