जुने घर घेताना : लखौरी विटेपासून आर. बी. स्लॅबपर्यंत

स्मरणिकेसाठी लेख द्या असा आग्रह झाला तेव्हा मी म्हटले, आम्ही रेल्वेचे वर्क्सवाले, आम्हाला लिहिता येते ते फक्त इन्स्पेक्शन नोट. त्यावर उत्तर आले, "मग तीच लिहा." आपल्यापैकी बरेच जण बदलीवर लखनौत आले आणि इथलेच झाले. क्वार्टर सोडायची वेळ आली की जुने घर बघायला निघतात आणि मग मला फोन येतो, "साहेब, जरा येऊन नजर टाकाल का?" म्हणून हा विषय. मी इतिहासकार नव्हे, पण या शहरात घर बघायचे तर थोडा इतिहास ठाऊक असावाच लागतो.

सुरुवात एका बड्या खरेदीपासून करतो. क्लॉड मार्टिन हा फ्रेंच माणूस कंपनी सरकारच्या चाकरीत होता. बंगालमध्ये त्याने जमीन मोजणीचे काम केले आणि पुढे लखनौत नवाबाच्या शस्त्रागाराचा अधिकारी झाला. ला मार्टिनिअर शाळा ज्याच्या नावाने आहे तोच हा. १७८१ च्या सुमारास त्याने गोमतीच्या अगदी काठावर स्वतःसाठी कोठी बांधली. तिचे खालचे मजले नदीच्या पातळीला होते. उन्हाळ्यात साहेब खाली गारव्याला राहायचा, पावसाळ्यात पाणी चढले की सामान घेऊन वर जायचा आणि पूर ओसरला की गाळ उपसून घ्यायचा. १८०० मध्ये तो वारला आणि ती कोठी नवाब सआदत अली खान यांनी विकत घेतली. तीच फरहत बख्श. पुढे तिला लागून छत्तर मंझिल उभी राहिली. १८५७ ची लढाई त्या भिंतींनी सोसली, नंतर तिथे साहेब लोकांचा क्लब होता आणि १९५१ पासून सहा दशके केंद्रीय औषधी संशोधन संस्था त्याच वास्तूत होती. संस्था जानकीपुरमला गेल्यावर जीर्णोद्धाराचे काम निघाले, तेव्हा मातीखाली गडप झालेले तळमजले आणि एका जुन्या नावेचा सांगाडा सापडला. एवढी वर्षे एवढी माणसे वावरली, पण पायाशी काय आहे ते खणल्यावरच दिसले.

नवाबी बांधकामाचा जीव म्हणजे लखौरी वीट. आपल्या नेहमीच्या विटेपेक्षा कितीतरी पातळ, चपटी. ती चुना-सुरखीत बसवायची. बडा इमामबाडा याच पद्धतीचा. १७८४ च्या दुष्काळात असफउद्दौलाने लोकांना काम मिळावे म्हणून तो सुरू केला. मधला दालन सुमारे पन्नास मीटर लांब, पंधरा मीटरच्या वर रुंद, आणि त्यात ना लाकडी तुळई ना लोखंड. सगळा भार कमानीवर. पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये सुरू झालेले संगीत महाविद्यालय, म्हणजे आजचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय, कैसरबागेच्या ज्या परीखान्यात आहे तेही वाजिद अली शहाच्या काळचे काम. आपली मंडळी तिथे गाणे ऐकायला जातात. मी गेलो की आधी भिंतीची जाडी बघतो. घरची माणसे हसतात.

चौक, नक्खास, अमीनाबाद भागात अशी घरे अजून आहेत. त्यांचे दुखणे बहुधा चुन्याचे नसते, नंतर चढवलेल्या सिमेंटचे असते. चुन्याची भिंत श्वास घेते, आतली ओल बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, लोणा वर चढतो आणि विटेचा भुगा होतो. बाहेरून ताजा रंग, आतून पीठ. खरेदीच्या तोंडावर नवा गिलावा दिसला तर मी मालकाचे अभिनंदन करत नाही, हातोडी काढतो.

त्यानंतरची घरे इंग्रजी अमदानीतली. त्यांत लोखंडी गर्डर आणि मधे विटांच्या कमानी, ज्याला इथले मिस्त्री डाटेचे छत म्हणतात. काही ठिकाणी गर्डर म्हणून चक्क जुने रूळ टाकलेले असतात. आपल्या खात्याची खूण पटते आणि उगाच बरे वाटते. डाटेचे छत सहसा दगा देत नाही. बघायचे ते गर्डरचे भिंतीत गेलेले टोक, कारण गंज तिथे लपून बसतो.

खरी मेख आहे ती स्वातंत्र्यानंतरच्या वसाहतींत, आणि आपण घरे बघतो तीही तिथेच. इथे आर. बी. स्लॅब फार. म्हणजे काँक्रीटऐवजी विटा मांडायच्या आणि त्यांच्या सांध्यांतून सळया घालून मसाला भरायचा. कल्पना जुनी. टेम्स नदीखालच्या बोगद्याच्या विहिरीसाठी मार्क ब्रुनेलने १८२५ मध्ये विटकामात लोखंड घातले होते. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ब्रेबनर यांनी प्रयोग करून १९२३ मध्ये त्यावर अहवाल काढला. सिमेंट वाचते, वीट स्वस्त, म्हणून उत्तरेत ही पद्धत फोफावली. पण वीट पाणी पिते. सळईवरचे आवरण बोटभरही नसते. वर मातीचा थर आणि टाइल, त्यात पाणी मुरते. सळई गंजली की फुगते आणि खालची वीट सुटते. वीट पडायच्या आधी सूचना देते, पण ती छताखाली झोपणाऱ्याला समजेल अशा भाषेत नसते.

२०१६ मध्ये मी स्वतः आलमबागेकडे एक घर जवळजवळ घेतले होते. मालक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्टरसाहेब म्हणत. १९६८ चे घर, अंगणात कडुनिंब, भाव ठरलेला, पी. एफ.चा अर्जही भरलेला. सौ.ने तर देवघराची जागा नक्की केली होती. दलाल म्हणाला, "इंजीनियर साहब, पुराना माल है, सौ साल चलेगा." मी म्हटले, बयाणा देण्याआधी एक रविवार द्या.

त्या रविवारी मी आणि एक सहकारी शिडी, टॉर्च, ओळंबा आणि हातोडी घेऊन गेलो. पुलाचे करतो तसेच केले. रेल्वेत दरवर्षी प्रत्येक पुलाची तपासणी होते, पावसाळ्याआधी वेगळी आणि नंतर वेगळी, आणि भागाभागाला अंक दिला जातो : १ म्हणजे ताबडतोब पुनर्बांधणी, ५ म्हणजे ठणठणीत. पाया आणि जोते यांना आम्ही ४ दिला. १९६० च्या पुरात गोमतीचे पाणी हजरतगंजात शिरले होते, म्हणून सखल भागात जोत्याची उंची आणि ओलीची रेघ मी आवर्जून बघतो. इथे ती चिंता नव्हती. पश्चिमेच्या भिंतीला तिरकी चीर होती. तिच्यावर काचेची पट्टी मसाल्याने चिकटवली आणि तारीख लिहिली. चीर जिवंत असेल तर काच फुटते. हे दोन रुपयांचे यंत्र अजून कोणी सुधारू शकलेले नाही.

मग मागची खोली. हातोडी टेकवत गेलो तर छताचा जवळजवळ निम्मा भाग डबडब वाजला. परवानगी घेऊन हातभर गिलावा काढला. सळई बोटाने खरवडली तर पापुद्रे निघाले. सहकाऱ्याने वहीत १ लिहिला आणि माझ्याकडे पाहिले, कारण त्याच जागेच्या बरोबर खाली मास्टरसाहेबांची खाट होती.

इथे माझी अडचण झाली. घेणारा दोष काढतो तो भाव पाडायलाच, असे कोणालाही वाटणार. त्यांनाही वाटले. "आप लीजिए या न लीजिए, मेरे घर को बदनाम मत कीजिए," असे ते म्हणाले आणि चहा न देता उठले. लखनौत हे फार झाले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, व्यवहार मोडला असे स्वच्छ सांगितले, आणि मग म्हटले, आता माझा काही स्वार्थ नाही, खाट तेवढी पुढच्या खोलीत घ्या. त्यांनी हातोडी मागितली आणि स्वतः छतावर टेकवून ऐकले. त्या रात्री खाट हलली. दिवाळीनंतर मुलांनी ते छत उतरवायला काढले, तेव्हा मजुराने पहार लावताच एक अख्खा पट्टा सळयांसकट खाली आला.

मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ आहे, पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते, तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचना तपासणी करावी लागते. तरी इमारती पडतातच. आणि नवी म्हणजे निर्धास्त असेही नाही. २४ जानेवारी २०२३ ला इथे वजीर हसन रोडवर कोसळलेली अलाया अपार्टमेंट काही नवाबी काळातली नव्हती. तेव्हा बयाण्याआधी एखाद्या जाणकार स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन पूर्ण तपासणी करून घ्या, लेखी घ्या, आणि छताचा गिलावा दोन ठिकाणी तरी काढून दाखवायला सांगा. मला बोलावले तर मी येईनच, पण माझी हातोडी कानाला सांगते तेवढेच. सळईची आतली अवस्था मोजायला उपकरणे लागतात.

आम्ही पुढे दुसरीकडे फ्लॅट घेतला. मास्टरसाहेबांनी घर विकले नाही. गणपतीत त्यांच्याकडे मोदक पोचवतो, चहा आता न मागता मिळतो. ते मला आधी पश्चिमेच्या भिंतीकडे नेतात आणि काचेची पट्टी दाखवतात. मागल्या वर्षीपर्यंत ती शाबूत होती.