पाळणाघरे : कायदा, योजना आणि कष्टकरी कुटुंबांची गरज

नोकरी, मजुरी अथवा स्वयंरोजगार करणाऱ्या पालकांच्या लहान मुलांचा दिवसभर सांभाळ करणारे केंद्र म्हणजे पाळणाघर. भारतात पाळणाघरांविषयीच्या कायदेशीर तरतुदी १९४८ पासून अस्तित्वात आहेत. मात्र या तरतुदी प्रामुख्याने मोठ्या आस्थापनांपुरत्या आहेत. देशातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया शेतात, इतरांच्या घरी किंवा स्वतःच्याच घरी बसून काम करतात. त्यामुळे ज्यांना पाळणाघराची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत ही सोय क्वचितच पोहोचते.

गरज कोणाला?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार कुटुंबातील व्यक्तींची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी १३४ मिनिटे देतात, तर अशी देखभाल करणारे पुरुष ७६ मिनिटे देतात. मूल सांभाळायला घरात दुसरे कोणी नसल्यास आईला काम सोडावे लागते किंवा तान्ह्या बाळाला कामाच्या जागी न्यावे लागते. अनेकदा धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा बुडते.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये ५० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक करण्यात आले. १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आणण्यात आली. चहा-कॉफीचे मळे, खाणी, विडी उद्योग आणि बांधकाम या क्षेत्रांसाठीही अशाच स्वरूपाच्या तरतुदी झाल्या.

या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव होती. स्त्री कामगारांच्या संख्येवर पाळणाघराची सक्ती अवलंबून असल्याने स्त्रियांना कामावर घेणे मालकाला खर्चाचे वाटण्याची शक्यता होती. मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हा निकष बदलला. त्यानुसार स्त्री-पुरुष मिळून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्येही ५० ची मर्यादा आहे. अनेक आस्थापनांना एकत्र येऊन सामाईक पाळणाघर चालवण्याची परवानगीही त्यात आहे.

तथापि, घरकाम करणारी स्त्री, भाजीविक्रेती किंवा घरी विड्या वळणारी स्त्री यांच्या बाबतीत अशी आस्थापनाच नसते.

स्वयंसेवी प्रयत्न

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये, दिल्लीतील एका बांधकामाच्या ठिकाणी मजुरांची मुले उन्हाधुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. बांधकाम संपले की मजुरांबरोबर पाळणाघरही पुढच्या जागी हलवायचे, ही तिची कार्यपद्धती. पुढे मुंबई आणि पुण्यातही हे काम सुरू झाले. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेने असंघटित स्त्रियांसाठी सहकारी तत्त्वावर बालसंगोपन केंद्रे चालवली.

सरकारी योजना

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या अंगणवाड्या आज देशभर आहेत. परंतु अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. ती सामान्यतः दिवसातील काही तासच चालते आणि तेथील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असते. तीन वर्षांखालील बालकांना मुख्यतः घरी नेण्याचा शिधा मिळतो.

ही पोकळी भरून काढण्यासाठी २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिचे नामकरण राष्ट्रीय पाळणाघर योजना असे झाले. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पालना’ या नावाने तिची पुनर्रचना करण्यात आली. अंगणवाडीतच पाळणाघराची सोय करणे हा तिचा महत्त्वाचा भाग आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाची जास्तीत जास्त २५ मुले, एक सेविका व एक मदतनीस, महिन्यातून २६ दिवस आणि दररोज साडेसात तास, असे त्याचे स्वरूप आहे. बहुतेक राज्यांत केंद्र व राज्य यांचा खर्चाचा वाटा ६०:४० असा आहे.

कळीचे मुद्दे

पाळणाघर घराच्या किंवा कामाच्या जवळ असणे, त्याची वेळ पालकांच्या कामाशी जुळणे आणि शुल्क रोजंदारीच्या आवाक्यात असणे, या तीन बाबींवर त्याचा उपयोग अवलंबून असतो. आठ तासांचे काम आणि जाण्यायेण्याचा वेळ विचारात घेतल्यास साडेसात तासांचे केंद्र अनेक मातांना अपुरे पडते.

चौथा मुद्दा सेविकांचा आहे. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना वेतन नव्हे, तर मानधन मिळते. त्या उपदान मिळण्यास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. इतरांची मुले सांभाळणाऱ्या या स्त्रियाही कष्टकरी माताच आहेत. त्यांच्या मोबदल्यात वाढ न करता केवळ कामाचे तास वाढवल्यास केंद्रांची संख्या वाढेल, पण मुलांचा सांभाळ सुधारेलच असे नाही.